उंबराखालची माती

कोन म्हनलं उंबराखाली? दिनकर, तू म्हनलास? उद्या सकाळी कुदळ घिऊन पल्याड जानार, तितली माती वली हाय, गांडुळं बक्कळ निघत्याल. शाना हाईस. ठिव ती गळाची दोरी खाली. गाठ मागनं मार.

आन् तुमी समदी जरा जवळ सरका. आख्खी रात पडलीया, राखन उजाडंस्तवर करायचीया, तळं काय कुठं पळून जात न्हाई. सगुनाआक्का, तू चहा ठिव. तुला ही गोष्ट ठावं हाय, तुला ऐकली न्हाई तरी चालंल. ह्येंला ऐकू दे. ही पोरं लगीन झालेली, मिशा आलेली, पन तळ्याचं काय इचारा, कायबी ठावं न्हाई.

ऐका.

ही आत्ता आपन बांधावर झोपडीम्होरं बसलोय, हितनं गावात जाती ती वाट नवी. जुनी वाट समोरनं जायची. त्यो अंधारात काळा दिसतोय ना डोंगराच्या अंगाला, त्योच उंबर. त्येच्या बुडाखालनं वाट. वढा तळ्याला मिळतो तितंच. समदा गाव त्या वाटंनं दिसा जायचा. दिवस मावळला की कुनी जायचं न्हाई. पन एकजन गेला. माजा चुलता, हैबती भोई. त्येनं मला सोता सांगितलंय, येकदाच, आन् सांगताना त्येची चिलीम इझली तरी त्येला कळलं न्हवतं. म्हनून मी सांगतोय त्यात माजं पदरचं कायबी न्हाई.

वैशाख व्हता. ह्यो असाच. तळं आटून निम्मं झाल्यालं, काठाचा गाळ भेगाळल्याला. हैबतीची बायकू तानू बाळंतीन झालीवती. पोरगी झाली. आता पोरगी झाली म्हनून कुनाचं तोंड वाकडं व्हायचं, पन हैबतीनं पेढं न्हाई तर गूळ तरी वाटला, दारोदार. का? तर त्येच्या आदी दोन गेलीवती. दोन्ही पोरं. येक आठ दिसाचं, येक म्हैन्याचं. दोन्हीला त्येनंच आपल्या हातानं मातीत ठिवलंवतं. ही तिसरी. ही जगली तर जगली, न्हाई तर तानू काय ह्यातनं उठत न्हाई, असं आख्ख्या भोईवाड्याला कळत व्हतं.

आन् तानूला दूध उतरंना.

पोरगी रडायची. आदी मोठ्यानं रडायची. मग बारीक रडाय लागली. बारीक रडनं लई वंगाळ असतंय बाबांनू, ज्येच्या घरात झालंय त्येला इचारा. शेळीचं पाजलं, पोटात ठरंना. शेजारच्या बाईनं छातीला लावली, पोरगी तोंडच धरंना. मग दिवस मावळताना सुईन आली, गजराबाई. तिनं पोरीचं पोट चाचपलं, तानूच्या कपाळाला हात लावला आन् हैबतीला भाईर घिऊन गेली.

"मरळ आन," म्हनली. "जिती मरळ. तिचं कालवन हिच्या पोटात गेलं तर दूध उतरंल. आजच्या रातीत आन. उद्याचं मी काय सांगत न्हाई."

आता मरळ म्हंजी काय, ते तुमाला सांगाय नगं. वैशाखात ती जाळ्यात येत न्हाई. शेवाळाच्या बुडात, गाळाला पोट लावून बसती. जाळं टाकलं तर शेवाळच वर येतंय. तिला गळच पायजे. आन् ती मेल्या चाऱ्याला तोंड लावत न्हाई, कणकंच्या गोळीकडं बगतबी न्हाई. तिला वळवळ पायजे. बेडूक न्हाई तर गांडूळ, जितं. बेडकं वैशाखात जमिनीत गेल्याली. ऱ्हायलं गांडूळ.

हैबतीनं कुदळ घेतली, डालड्याचा रिकामा डबा घेतला, वेळूची काठी घेतली, गोनपाट खांद्यावर टाकलं आन् निगाला. भाईर पडताना तानूनं आतनं इचारलं, "कुठं चाललासा?"

"हितंच," म्हनला. "आलोच."

परसात खनलं. कोरडं. गोठ्यामागं उकिरड्याच्या कडंला खनलं. वरनं वलं, आत धगधगीत, गांडूळ न्हाई. हिरीच्या थारोळ्यापाशी खनलं, दोन निगाली, काडीएवढी, गळाला टोचताच मेली. कुदळ मारली की खन्न वाजायची, अशी जमीन. चांदनं वर आलं. हैबती घामानं न्हाऊन निगाला. आन् त्येच्या डोसक्यात कवाची येक गोष्ट वळवळत व्हती, ती त्यो आत दाबत व्हता.

उंबराखालची माती बारमास वली असती.

का वली असती ते सांगतो. वढ्याचा झरा हाय आतनं. पन तितं कुदळ घालत न्हाईत. दिनकर, आता कान दिऊन ऐक. गावातली तान्ही पोरं गेली की ती उंबराखाली ठिवायची, ही जुनी रीत. जाळायची न्हाईत. दात न आल्यालं पोर मातीला द्यायचं. समद्या आळ्यांची पोरं तितं येका जाग्याला. वर दगड न्हाई, खून न्हाई. उंबर हीच खून.

आन् तितं राखन असती.

ह्ये तळं बांधताना लांबनं दगडफोड्यांचं बिऱ्हाड आलंवतं. त्यातल्या येका बाईचं तान्हं पोर तापानं गेलं. गावानं जागा दिली, उंबराखाली ठिवलं. काम सपलं, बिऱ्हाड फुडल्या गावाला हाललं. बाई गेली त्येंच्यासंगं. पन रातची माघारी आली, येकटी. पोर येकटं कसं ऱ्हाईल, म्हनून आली आसंल. सकाळी गुराख्याला दिसली, त्या मातीवर कुशीला पडल्याली, येक हात असा टाकल्याला, आपन निजल्या पोरावर टाकतो तसा. जीव गेल्याला. तिचं नावबी गावाला ठावं न्हवतं. तवापास्नं समद्या पोरांची राखन तीच करती. तिला आपलं कुठलं, परक्याचं कुठलं, त्ये आता कळत न्हाई. समदी तिचीच.

तुमी हडळ म्हनता तिला. सगुनाआक्का, चूल कशाला ढवळतीस येवढी? जळतीया की चांगली.

तर ऐका. हैबती गेला. जुन्या वाटंनं गेला. जाताना सोताला समजावत गेला. म्हनला, मी मदी न्हाई खननार. पार कडंला खनतो, पान्याच्या अंगाला. आपली दोन तिकडच्या अंगाला हायेत, हिकडं कुनी न्हाई. असं म्हनत उंबरापाशी पोचला. उंबरं पिकून पडल्याली, वास सुटल्याला. येक किडा वरडत न्हवता. बेडूक न्हाई, रातकिडा न्हाई. त्येला वाटलं, बरं हाय, शांत हाय.

आता आपली भोयांची येक रीत हाय. शिदबा, म्हंजी हैबतीचा बाप, पोरांच्या कानात घालायचा. गांडूळ खनताना मातीला सांगायचं, 'उसनं न्हेतो, उरलं आनून देतो.' आन् मासं धरून झालं की डब्यात उरल्याली गांडुळं जिथली तिथं मातीत सोडायची. फेकायची न्हाईत, मारायची न्हाईत. मातीचं मातीला, पान्याचं पान्याला. आता तुमी करता का? डबा उन्हात इसरता आन् दुसऱ्या दिशी नाक धरून पालथा करता. असू दे.

हैबतीनं कुदळ उचलली आन् त्येला ते बोल म्हनायचं व्हतं. पन जीभ उचलंना. हितनं उसनं न्हेतो असं म्हनायचं कुनाला? तोंड मिटून त्येनं कुदळ घातली.

माती लोन्यावानी. कुदळ दांड्यापतुर गेली. आन् गांडुळं काय सांगू. हुडकाय लागली न्हाईत. आपसूक वर आली. जाड, गार, लांब. त्येनं हात घातला तर हाताला गुंडाळली, बोटाला येढं घातलं. लेकरू बोट धरतंय तसं. हैबतीनं हात मागं घेतला. पन घरातलं बारीक रडनं त्येच्या कानात व्हतं. डब्यात टाकली, वर वली माती टाकली, फडकं बांधलं, खड्डा पायानं बुजवला. पायानं बुजवला, हे ध्यानात ठिवा.

तितंच काठावर बसला. गळाला गांडूळ लावलं, ते हाललं, वळवळलं. मोरपिसाच्या देठाचं तरंगतं लावल्यालं, ते चांदन्यात पांढरं दिसायचं. टाकला गळ. बसला.

देठ बुडंना. आता मासा लागला तर देठ डुबतो, न्हाई लागला तर जाग्याला ऱ्हातो. ह्यो चालाय लागला. हळूहळू, आडवा, काठाकडं. वारं न्हाई. पान्यावर येक सुरकुती न्हाई. चालत चालत काठाला आला, उंबराच्या मुळीपाशी, आन् थांबला. हैबतीनं दोरी वढली. गांडूळ गेल्यालं. गळाला चिंधी.

म्हनला, शेवाळ आसंल. हातात घेतली. शेवाळ न्हवतं. कापड व्हतं, वलं, मऊ, पिवळ्या काठाचं. तानूच्या जुन्या लुगड्याचा काठ. दुसरं पोर गेलं तवा त्या लुगड्याचं धुडकं फाडून त्येनंच त्येला गुंडाळलंवतं.

मी चुलत्याला इचारलं, "तवाच का न्हाई उठलासा?" त्यो म्हनला, "मानसाला पायजे असतंय तवा डोळं हाताचं ऐकत न्हाईत." त्येनं चिंधी पान्यात टाकली. म्हनला, काठाला कितीक बाया धुनं धुत्यात, कुनाचंबी आसंल. दुसरं गांडूळ लावलं.

ह्यावेळी देठ जाग्यावरनं गप झाला. गडप. काठी हातातनं जाईल असा हिसका बसला. मरळच ती, दुसरं कोन. अशी वढ, अशी लढाय. शेवाळात शिरायची, फिरून यायची. हैबतीनं काठी मांडीखाली धरली, दोरी हातावर गुंडाळली, हात कापला, रगत आलं, पन सोडली न्हाई. वर काढली. कोपरापास्नं बोटापतुर हात असतोय येवढी मरळ. काळी, अंगावर ठिपकं, तोंड वासल्यालं. गळ काढाय गेला तर गळ मोकळाच निगाला. गांडूळ तिनं पार पोटात घातलंवतं.

हैबती रडला. आनंदानं रडला. गोनपाट पान्यात बुडवून त्यात मरळ गुंडाळली. मरळ लई चिवट असती, वल्या गोनपाटात रातभर जित्ती ऱ्हाती. खांद्यावर टाकली. येका हातात डबा, येका हातात काठी, कुदळ बगलंत. निगाला घराकडं.

उरलेली गांडुळं? डब्यात. सोडायची इसरला. इसरला म्हनला मला, पन मला वाटतंय त्येला त्या मातीकडं पाठ फिरवायची घाई झालीवती.

वाट चालाय लागला. वढा वलांडला, चढ चढला, बाभळीचं बेट आलं. बेटाच्या फुडं भोईवाड्याचं दिवं दिसत्यात. बेट संपलं आन् फुडं उंबर.

म्हनला, चुकलो. फिरला. वढा, चढ, बाभळी. फुडं उंबर.

चकवा म्हनता ना तुमी, त्योच. पन चकवा नुसता फिरवतो. हितं दर फेऱ्याला डबा जड व्हत गेला. आदी डब्याएवढा डबा. मग पान्याच्या घागरीएवढा. मग असा जड झाला की हाताचा सांधा निखळंल. खाली ठिवाय गेला तर बोटं उघडंनात. आन् डब्यातनं आवाज याय लागला. रडनं न्हवं. रडनं आसतं तर त्यो पळाला आसता. चुटूचुटू, चुटूचुटू. तान्हं पोर अंगावर पितंय तसा आवाज. मदीच थांबायचा, सुस्कारा टाकायचा, परत चुटूचुटू.

हैबती उभ्या जाग्याला घामानं भिजला. म्हनला, द्येवा, मला नगं काय, येवढी मरळ घरला जाऊ दे.

तवा पान्यातनं हाक आली.

बगतो तर तानू. गुडघाभर पान्यात उभी. चांदनं अंगावर. हातात पोरगी, दुपट्यात. पोरगी रडतीया, तेच बारीक रडनं, वळखीचं. हैबतीला वाटलं, मी येत न्हाई म्हनून ही पोरीला घिऊन मला हुडकत आली. त्यो धावला. पान्यात पाय टाकला. घोटा बुडाला, पोटरी बुडाली. ती मागं सरली येक पाऊल. त्यो फुडं. ती मागं. गुडघा बुडाला, मांडी बुडाली. गाळ पाय धराय लागला.

तिनं दुपटं फुडं केलं आन् म्हनली, "हैबती, धर हिला."

त्यो थांबला.

का थांबला? तुमच्या बायका आता नाव घेत्यात, घिऊ देत, बरं हाय. पन तानूनं त्येचं नाव जन्मात घेतलं न्हवतं. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच, तेबी डोळं मिटून. आन् पाचवी न झाल्याली बाळंतीन उंबऱ्याभाईर येती व्हय? हैबतीनं नीट बगितलं. केस वलं, मोकळं. आन् दोन्ही हात कोपरापतुर मातीनं भरल्यालं. वली, काळी माती, नखात गेल्याली.

त्येला कळलं. पाय वढत काठाला आला आन् तितंच गुडघ्यावर बसला. पळाला न्हाई. पळून जानार कुठं, वाट तर परत तितंच आनत व्हती.

ती काठाला आली. आता तानूचं तोंड न्हवतं. कसं व्हतं, मी इचारलं. चुलता म्हनला, "दमल्यालं. लई जागरन झाल्या बाईचं असतंय तसं."

ती म्हनली, "माजं दे."

नुसतं येवढंच. रागानं न्हाई.

हैबतीची बोटं उघडली. डबा सुटला. त्येनं दोन्ही हातानं त्यो खड्डा उकरला, पायानं बुजवल्याला. फडकं सोडलं. येकेक गांडूळ मातीत ठिवलं. वर माती लोटली, तळहातानं दाबली, थापटली. आन् मग त्येला बोल फुटलं. म्हनला, "आये, उसनं न्हेलंवतं. न इचारता न्हेलं. आनून दिलं." त्येची दोन पोरं तितंच कुठंतरी व्हती. त्येंच्यावरनंबी हात फिरवला आसंल त्येनं. त्ये त्येनं मला सांगितलं न्हाई.

उठाय गेला. ती हालली न्हाई.

"येक ऱ्हायलं," म्हनली.

हैबतीनं मनात मोजलं. पयलं गांडूळ पान्यानं न्हेऊन उंबराच्या मुळीला दिलंवतं, ते माघारी पोचलं. दुसरं मरळीच्या पोटात व्हतं.

त्येनं कमरंचा चाकू काढला. म्हनला, मरळीचं पोट फाडतो, गांडूळ काढून देतो, मरळ घरला न्हेतो. दोगांचं भागतंय. भोयाचं डोकं, चालनारच. गोनपाट सोडलं, मरळ बाजूला काढली. चाकू पोटाला लावला.

ती म्हनली, "जितं न्हेलंस. जितं दे."

आन् हातातल्या दुपट्याकडं बगितलं.

दुपट्यातलं रडनं तवर चाललंवतं. ते आता थांबाय लागलं. थांबून थांबून येत व्हतं. हुंदका, मग कायच न्हाई, मग हुंदका.

आता तुमीच सांगा. येका हातात मरळ. ती घरला न्हेली तर दूध उतरंल, पोरगी जगंल, पन हितं देनं ऱ्हातंय, आन् ही बाई देनं कशानं वसूल करंल ते तिच्या नजरंत दिसतंय. मरळ हितं सोडली तर रिकाम्या हातानं घरला जायचं. दूध न्हाई. गजराबाई म्हनलीया, उद्याचं काय सांगत न्हाई. म्हंजी दोन्हीकडनं पोरगीच जानार. हैबती तितं बसला आन् त्येला उमजंना. चाकू हातात. मरळ तोंड उघडतीया, मिटतीया.

मग त्येला बापाचा बोल आठवला. मातीचं मातीला, पान्याचं पान्याला. म्हनला, जे माजं न्हाई त्येच्यावर माजी पोरगी वाढवून ती माजी ऱ्हानार न्हाई. चाकू म्यानात घातला.

काठाला जिथं पानी आन् माती मिळत्यात, तिथं त्येनं दोन्ही हातानं गाळ उकरला. मरळ आत ठिवली. मरळ उन्हाळ्यात गाळात शिरून ऱ्हाती, आपल्याला ठावं हाय. तिनं शेपटी मारली, येकदा, दोनदा, आन् आत गेली. जित्ती. गाळ वरनं मिटला. त्येनं वरनं हात थापटला.

वर बगितलं तर कुनी न्हाई. रातकिडं वरडाय लागल्यालं. लांब भोईवाड्याचं दिवं दिसत व्हतं.

हैबती रिकाम्या हातानं निगाला. काठी तितंच, कुदळ तितंच, डबा तितंच. पळत न्हाई, चालत गेला. म्हनला मला, "घर जवळ येईल तसं पाय मागं वढाय लागलं." कारन घरातनं रडनं येत न्हवतं. भाईरनं ऐकलं, कान दिऊन ऐकलं. कायच न्हाई. दाराशी बसला. आत जायचं धाडस व्हईना. बापमानसानं दोन पोरं मातीत ठिवल्याली, तिसरीसाठी परत उंबराखाली जायचं, परत त्योच खड्डा. त्येनं तोंडात उपरनं कोंबलं आन् दारात बसून रडला.

आतनं तानूची हाक आली. "आलासा व्हय? भाईर का बसलासा?"

आत गेला. चिमनी मिनमिनत व्हती. पोरगी तानूच्या कुशीत निजल्याली. गाढ. व्हटाच्या कोपऱ्याला दुधाचा थेंब. पांढरा, वला.

"उतरलं दूध?" त्यो म्हनला.

"मला कुठलं," तानू म्हनली. "मी ग्लानीत व्हते. येक बाई आली. मला वाटलं गजराबाईनं धाडली. बोलली न्हाई काय. पोरीला उचलून घेतलं, पदराखाली घेतलं. लई येळ पाजलं. मग माज्या कुशीत ठिवली, माज्या डोसक्यावरनं हात फिरवला आन् गेली. कोन वं ती? तुमी धाडलीवती?"

हैबतीनं दुपटं बगितलं. दुपट्यावर बोटं उमटल्याली. मातीची, वली. तानूच्या कपाळावरबी पुसट वळ, मातीचा.

सकाळपास्नं तानूला दूध उतरलं. पोरगी जगली. म्हैन्याची झाली, वरसाची झाली, हिंडाय लागली. हैबतीनं पुना मरळ धरली न्हाई. बाकीचं मासं धरायचा, मरळ गळाला लागली तर सोडून द्यायचा. आन् दरसाल वैशाखात तानू वाटीभर दूध घिऊन दिसाउजेडी उंबराखाली जायची, मातीवर वतायची आन् यायची.

तवा दिनकर, म्हनून सांगतो. त्या वाटंनं जाऊ नगंस. दिसा तहान लागली तर वढ्याचं पानी पी, वाकून नमस्कार कर आन् निग. दिवस मावळल्यावर तिकडं पाऊल टाकू नगंस, आन् कुदळ तर दिसाबी न्हेऊ नगंस. हैबतीला सोडलं, त्येनं जितं दिलं म्हनून सोडलं. तुज्याकडं जितं मागितलं तर तू काय देनार? तुला दोन पोरं हायेत. आन् हडळ हडळ म्हनून हसू नगंस.

काय? ती पोरगी कोन म्हनतोस? आता हाय का न्हाई?

सांगू का, आक्का?

"मीच सांगते की. चहा घ्या आदी, निवंल. हडळ म्हनू नगा रं तिला. मी दूध प्यालीया तिचं. आय हयात हुती तंवर ती न्हेत हुती वाटी, आता मी न्हेते. आन् दिनकर, तो तुजा डबा हाय ना कोपऱ्यात, आजची उरल्याली गांडुळं हायेत त्यात. मघापास्नं झाकान लावून ठिवलंयस, गुदमरत्यात. जा, झोपडीमागं जिथनं खनलीस तिथं सोडून ये. हातानं माती लोट, पायानं नगं. मग चहा पी."